ब्याण्णव मिलिमीटरचा पंखा

सकाळी कॉम्प्युटर चालू केला की पहिलं अर्ध मिनिट आतून घरघर यायची. पत्र्याच्या डब्यात बारीक खडे घालून हलवावेत तशी. मग ती हळूहळू विरायची आणि दिवसभर काही ऐकू यायचं नाही. दोन महिने हे असंच चाललं होतं. आवाज आपोआप थांबतोय म्हणजे काळजीचं काही नाही, असं मी धरून चालले होते. ते चूक होतं, आणि का चूक होतं हे पुढे पंखा हातात घेतल्यावर कळलं.

घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी मी सवडीने डिजिटल करत होते. कॅसेट वाजवून ती रेकॉर्ड करणं हे कॉम्प्युटरसाठी हलकं काम असतं. जड काम त्यानंतरचं. ती अवाढव्य फाइल आटोपशीर करताना प्रोसेसरचे चारही कोअर तास-दीड तास शंभर टक्के राबतात. एका संध्याकाळी नेहमीची वेळ उलटून गेली तरी काम निम्म्यावरच होतं. तापमान दाखवणारा प्रोग्रॅम उघडला. ९८, ९९, १००, पुन्हा ९९. एरवी या कामात ३.३ गिगाहर्ट्झवर चालणारा प्रोसेसर २ च्या आसपास घुटमळत होता. आणि खाली, पंख्याच्या वेगासमोर, शून्य.

प्रोसेसर अशा वेळी लगेच जळत नाही, हे मला माहीत होतं. माझ्याकडे इंटेलचा ६५ वॅटचा आय-फाइव्ह आहे. त्याची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, कमी वीज घेतो आणि कसाबसा तग धरतो. त्यानेही भागलं नाही तर मशीन बंद पडतं. म्हणजे जीव वाचवायची सोय आहे. पण त्या जोरावर रोज काम रेटणं मला पटेना. मी काम थांबवलं आणि मशीन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढला. माझ्या मशीनमध्ये तीन पंखे आहेत: एक एसएमपीएसमध्ये (वीज पुरवणाऱ्या डब्यात), एक कॅबिनेटच्या मागच्या बाजूला आणि एक प्रोसेसरच्या हीटसिंकवर, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पत्र्यांच्या ठोकळ्यावर. प्रोग्रॅमने शून्य दाखवलं म्हणजे प्रोसेसरचाच पंखा बंद पडला असं नाही, वेग कळवणारी तार तुटली तरी शून्यच दिसतं. म्हणून मशीन चालू करून डोळ्यांनी पाहिलं. पाती जागच्या जागी नुसती थरथरत होती. मशीन बंद करून बोटाने पातं हळूच फिरवलं, पुन्हा चालू केलं, तेव्हा पंखा घरघरत निघाला. आवाज नक्की त्याचाच आहे ना, हे बघायला जाड कागदाची नळी करून एक टोक कानाला लावलं आणि दुसरं टोक पंख्यांपासून वीतभर अंतरावर धरत एकेक तपासला. फिरत्या पंख्यात बोट किंवा पेन घालून तो थांबवण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी बरी. पातं तुटत नाही, बोटही शाबूत राहतं.

दादाला फोन लावला. तो इलेक्ट्रॉनिक्समधला.

"अगं, बुशचा पंखा असणार," तो म्हणाला. "मधल्या स्टिकरखाली तेल असतं, ते सुकलं. किती वर्षं झाली?"

"आठ होतील."

"मग त्याने त्याचं काम केलं. हीटसिंकला हात लावू नकोस, फक्त पंखा बदल. पण आधी लेबल वाच आणि माप घे, मगच काय ते घे."

त्याचं शेवटचं वाक्य मी अर्धंच ऐकलं, त्याची गोष्ट पुढे येईलच.

घरघर आपोआप का थांबायची, ते आधी सांगते. स्वस्त पंख्यांमध्ये दांडा पितळी किंवा तशाच धातूच्या बुशमध्ये तेलाच्या पातळ थरावर फिरतो. वर्षानुवर्षं तेल उडत जातं, उरलेल्यात बारीक धूळ मिसळते आणि त्याचा चिकटा होतो. मशीन थंड असताना हा चिकटा घट्ट असतो, दांडा अडखळतो, बुशच्या कडेला घासतो. मोटर तापली की चिकटा सैल पडतो आणि आवाज जातो. म्हणजे आवाज थांबायचा तेव्हा पंखा सुधारत नव्हता, नुसता तापत होता, आणि झीज रोज थोडी थोडी वाढत होती. त्या दोन महिन्यांत कधीही पत्रा उघडला असता तर मला हे दिसलं असतं.

पंखा काढला. तारेच्या दोन क्लिपांनी तो हीटसिंकला धरलेला होता, त्या सोडवल्या आणि मागे जे दिसलं त्याने मी थबकले. हीटसिंकच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर धुळीचा सलग थर बसला होता, नमद्यासारखा. पंखा जागेवर असताना बाहेरून तो जराही दिसत नव्हता. चिमट्याने धरून ओढला तर अख्खा तुकडाच निघाला.

इथे मी एक काम नीट केलं, त्याचा पुढे फार उपयोग झाला. प्रत्येक बदलानंतर तीच एक फाइल, वीस मिनिटं, त्याच प्रोग्रॅममध्ये चालवायची आणि तापमान वहीत टिपायचं. शेजारी खोलीचं तापमानही लिहायचं, कारण प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा किती अंश वर गेला हाच खरा आकडा असतो, एरवी गार दिवशी घेतलेलं माप तापलेल्या दिवसाच्या मापाशी जुळत नाही. धूळ तशीच ठेवून, बोटाने ढकलून चालू केलेल्या पंख्यावर, तो काढण्याआधी, ८४ अंश आले होते. धूळ काढल्यावर, तोच पंखा, तीच फाइल: ७०. खोली दोन्ही वेळा २८. चौदा अंश नुसत्या धुळीचे होते. मी नवा पंखा घेऊन धुळीवरच बसवला असता तर फरक पंख्यामुळे पडला, असंच आयुष्यभर समजले असते.

धूळ उडवायला ब्लोअर वापरणार असाल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. झोताने पंखा त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतो, बेअरिंगवर ताण येतो आणि जोडलेला असेल तर तो उलटी वीज बनवून मदरबोर्डाकडे पाठवतो.

जुन्या पंख्याचं स्टिकर सोलून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंबही टाकले. अकरा दिवस अगदी शांत गेले. बाराव्या सकाळी घरघर परत आली. झिजलेला बुश तेलाने भरून निघत नाही. तरी नवा पंखा येईपर्यंतचा वेळ त्या दोन थेंबांनी काढून दिला. त्या काळात विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली होती. एवढ्याने टर्बो (जड कामात आपोआप वाढणारा वेग) बंद होतो, उष्णता कमी होते आणि रोजच्या कामात फरक जाणवतही नाही. जड फायली मात्र बाजूला ठेवल्या.

अख्खा कूलरच, म्हणजे पंखा आणि हीटसिंक दोन्ही, बदलावा का, हा विचार मनात येऊन गेला. नवा, मोठा, चमकदार कूलर कुणाला नको असतो? पण हीटसिंकमध्ये झिजण्यासारखं काही नसतं. तांब्याच्या नळ्या बंदिस्त असतात, आत थोडं द्रव असतं, ते गरम टोकाला वाफ होऊन गार टोकाला पुन्हा पाणी होतं आणि तेच चक्र चालू राहतं. त्यात फिरणारा भाग नाही. शिवाय हीटसिंक काढायचा म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधला जुना लेप, थर्मल पेस्ट, पुसून नवी लावणं आलं, बोर्डाच्या मागची पट्टी सैल करणं आलं, आणि नवा कूलर सॉकेटला (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेला) बसतो का ते बघणंही आलं. इंटेलच्या ११५०, ११५१, ११५५, ११५६ आणि १२०० या सॉकेटांमध्ये कूलरच्या भोकांचं अंतर ७५ मिलिमीटर, पण जुन्या ७७५ मध्ये ७२ आणि १७०० मध्ये ७८. तीन मिलिमीटरच्या फरकाने कूलर बसत नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर तर वेगळीच भीती: पेस्ट घट्ट झाली असेल तर कूलर ओढताना प्रोसेसरच पिनांसकट उपटून येतो. तिथे आधी मशीन थोडं तापवून घ्यावं, मग बंद करून कूलर हलकेच डावी-उजवीकडे पिळत सोडवावा. माझ्या बाबतीत पेस्ट आणि हीटसिंक दोन्ही ठीक काम करत होते, ७० चा आकडा तेच सांगत होता. फक्त पंखा बदलायचा, हे नक्की केलं.

मग माप. पट्टी घेऊन पंख्याच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं, तर ८२ आणि ८३ च्या मध्ये. बाजारात ८०, ९२, १२०, १४० अशी मापं. ८२ म्हणजे ८० चाच, असं मला वाटलं आणि मी जवळजवळ ८० चा पंखा मागवलाच होता. मग चौकट कडेपासून कडेपर्यंत मोजली: ९२. पंख्याचं माप चौकटीवरून सांगतात, भोकांवरून नाही. ९२ च्या पंख्यात भोकांचं अंतर ८२.५ असतं, आणि ८० च्या पंख्यात ते ७१.५. १२० मध्ये १०५, १४० मध्ये १२४.५. हे आकडे हाताशी असले की गोंधळ होत नाही. जाडी बहुतेकांची २५ मिलिमीटर. पातळ पंखे १५ मिलिमीटरचे मिळतात, पण जाडी कमी झाली की पात्यांना हवा ढकलायला जागा कमी मिळते. हीटसिंक आणि रॅमच्या मध्ये खरंच जागा नसेल तरच ते घ्यावेत. माझ्या पंख्याची कड पहिल्या रॅमवर दोन बोटं अंतराने येत होती, म्हणजे २५ चाच चालणार होता. १२० चा मोठा पंखा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधावा, असंही डोक्यात आलं होतं. पण तो रॅमवर टेकला असता आणि त्याची निम्मी हवा हीटसिंकच्या बाहेरून गेली असती.

आता माझी चूक. माझ्या बोर्डावर प्रोसेसरच्या पंख्याची जोडणी चार पिनांची आहे. म्हणून मी चार पिनांचा, ९२ मिलिमीटरचा पंखा शोधला, वर्णनात 'चार पिन' लिहिलेला एक मिळाला आणि मागवला. आला तेव्हा पाहिलं तर त्याला दोन प्लग होते: एक छोटा तीन पिनांचा आणि एक मोठा, जाड पिनांचा, एसएमपीएसमधून थेट वीज घेणारा मोलेक्स. मोलेक्सलाही चारच पिना असतात. वर्णन खोटं नव्हतं, पण मला हव्या असलेल्या चार पिना त्या नव्हत्या. दादाने लेबल वाच म्हटलं होतं. लेबलवर 'पीडब्ल्यूएम' हा शब्द नव्हता, आणि मी तोच शोधायला हवा होता.

चौथ्या तारेचं महत्त्व मला तेव्हा समजलं. तीन पिनांच्या पंख्यात एक तार जमिनीची, एक १२ व्होल्टची आणि एक वेग कळवणारी. वेग कमी करायचा तर व्होल्टेजच कमी करावं लागतं. चार पिनांच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम पूर्ण मिळतात आणि चौथ्या तारेवरून बोर्ड सेकंदाला साधारण २५ हजार वेळा चालू-बंद असा इशारा देतो, यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. त्यात चालूचा वाटा किती, त्यावर वेग ठरतो. माणसाच्या कानाची मर्यादा सुमारे २० हजार हर्ट्झ, म्हणून ही किणकिण ऐकू येत नाही. वेगाची तार प्रत्येक फेऱ्याला दोन ठोके देते. सेकंदाला ४० ठोके आले तर २० फेरे, म्हणजे मिनिटाला १२०० फेरे, म्हणजेच १२०० आरपीएम, असा तो हिशोब. तारांचे रंग बघून अंदाज बांधायचा असेल तर सावध राहा: तीन पिनांच्या नेहमीच्या रंगसंगतीत १२ व्होल्ट लाल आणि वेगाची तार पिवळी, पण चार पिनांच्या इंटेलच्या रंगसंगतीत १२ व्होल्टच पिवळी, वेग हिरवा आणि इशारा निळा. हल्ली कित्येक पंख्यांच्या सगळ्याच तारा काळ्या असतात. त्यापेक्षा पिना मोजाव्यात.

तीन पिनांचा प्लग चार पिनांच्या जागी बसतो, खाच जुळते. बसवला. माझ्या बोर्डाचं प्रोसेसरच्या पंख्याचं हेडर (प्लग लावायची जागा) फक्त पीडब्ल्यूएमवर चालतं, व्होल्टेज बदलत नाही. काही बोर्डांच्या बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, 'डीसी' (व्होल्टेज बदलून) आणि 'पीडब्ल्यूएम' असा पर्याय असतो, माझ्यात नव्हता. त्यामुळे तो पंखा चालू केल्या क्षणापासून २६०० आरपीएमवर, काम असो वा नसो. तापमान छान आलं, ६२. पण शेजारी बसून लिहिणं-वाचणं अशक्य झालं. पंख्याचा वेग दुप्पट झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो. जुना पंखा निवांत असताना ९००-१००० वर फिरायचा, हा अडीचपट. दार बंद केल्यावरही पलीकडच्या खोलीत ऐकू यायचा. तो पंखा मी मागच्या पंख्याला राखीव म्हणून ठेवून दिला आणि पुन्हा शोधाला बसले. या वेळी घाई केली नाही.

दुसऱ्या शोधात वेळ गेला तो दोन आकड्यांवर. प्रत्येक पंख्याच्या माहितीत हवा किती जाते हा आकडा मोठ्या अक्षरात असतो, आणि दाब किती हा आकडा कुठेतरी खाली. मी आधी हवेचेच आकडे लावून बसले होते. एकाचा ५५, दुसऱ्याचा ७८.९. दुसरा फारच पुढे वाटला. मग एकक पाहिलं: पहिला सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला घनफूट, आणि दुसरा तासाला घनमीटरमध्ये. १ सीएफएम म्हणजे तासाला सुमारे १.७ घनमीटर. ७८.९ ला भागलं तर ४६.४ सीएफएम. क्रमच उलटला.

पण तोही क्रम माझ्या कामाचा नव्हता. हवेचा आकडा पंख्यासमोर काहीच अडथळा नसतानाचा असतो. दाबाचा आकडा, जो पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत, मिलिमीटरमध्ये देतात, तो पुढे सगळं बंद असतानाचा, म्हणजे हवा शून्य असतानाचा. प्रत्यक्षात पंखा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी काम करतो, आणि कुठे ते समोरचा अडथळा ठरवतो. कॅबिनेटच्या मोकळ्या जाळीवर बसणाऱ्या पंख्याला हवेचा आकडा महत्त्वाचा. माझ्या हीटसिंकमध्ये मात्र दोन पत्र्यांमध्ये जेमतेम दोन मिलिमीटर फट आहे. तिथे हवा घुसवावी लागते. दाब कमी असलेला पंखा अशा ठिकाणी नुसता समोरची हवा ढवळत बसतो. ५५ सीएफएमच्या पंख्याचा दाब होता १.३ मिलिमीटर. ४६.४ वाल्याचा २.२८. मला दुसराच हवा होता. पात्यांकडे पाहूनही थोडाफार अंदाज येतो: दाबाच्या पंख्यांची पाती रुंद आणि एकमेकांच्या जवळ, मधली फट अरुंद.

आणि वेगाचा हिशोब यात मिसळायला विसरू नये. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट होते, दाब चौपट, आणि वीज मात्र आठपट लागते. ज्याचा कमाल वेग फार जास्त, त्याचा कागदावरचा दाबही आपसूक मोठा दिसतो. मी तो पंखा १५०० च्या आसपास चालवणार होते, म्हणून २००० च्या जवळपास कमाल वेग असलेल्यांचीच एकमेकांशी तुलना केली.

बेअरिंगचं माझं ठरलेलं होतं: साधा बुश नको. बॉल बेअरिंगचा पंखा टिकाऊ, आडवा-उभा कसाही बसवा, उष्णता सोसतो, पण त्याला एक बारीक सततची सळसळ असते आणि माझं टेबल मशीनला लागूनच आहे. द्रवाच्या बेअरिंगमध्ये, ज्याला एफडीबी म्हणतात, बुशच्या आत माशाच्या काट्यासारख्या बारीक खाचा असतात. दांडा फिरला की त्या तेलाला आत खेचून धरतात आणि दांडा तेलावर तरंगत राहतो. तेल बाहेर पडू नये म्हणून तो सीलबंद असतो. कंपन्या यालाच मिळतीजुळती निरनिराळी नावं देतात, त्यातल्या काहींच्या मागे साधा बुशच असतो, म्हणून नावापेक्षा हमी किती वर्षांची हे मी पाहिलं. आयुष्याचे तासही दिलेले असतात, उदाहरणार्थ १,५०,०००. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे सतरा वर्षं झाली. पण हा आकडा पुष्कळ पंख्यांच्या सरासरीतून काढलेला असतो, माझा एक पंखा तेवढा चालेल असं तो म्हणत नाही. 'एल१०' असा आकडा दिला असेल तर तो जास्त कामाचा: शंभरातले दहा पंखे बंद पडेपर्यंत किती तास, असा त्याचा अर्थ.

डेसिबलवर मी फार थांबले नाही. ते मोकळ्या पंख्याचं, शांत खोलीतलं माप असतं. तोच पंखा हीटसिंकला चिकटवला की पत्र्यांवर हवा आपटून वेगळाच आवाज निघतो.

या सगळ्यातून मी ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा एनएफ-ए९ पीडब्ल्यूएम घेतला. ९२ बाय ९२ बाय २५, चार पिना, ४०० ते २००० आरपीएम, दाब तोच २.२८, वीज १२ व्होल्टला ०.१ अँपिअर, सहा वर्षांची हमी. प्रवाहही बघून ठेवावा. बोर्डाचं पंख्याचं हेडर साधारण १ अँपिअरपर्यंत देतं. एका पंख्याला ते खूप झालं, पण जोरकस सर्व्हर-पंखे एकट्यानेच त्याहून जास्त मागू शकतात. सोबत वेग १५५० पर्यंत खाली आणणारी एक छोटी वायर आली होती. पीडब्ल्यूएम हाताशी असताना ती जोडायची गरज वाटली नाही.

बसवताना प्लग काढला, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून आतली उरलेली वीज जाऊ दिली, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावला. जुना पंखा काढण्याआधीच फोटो काढून ठेवला होता. हवा कुठल्या बाजूने बाहेर पडते, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे ज्या बाजूला मोटर धरणारे आडवे दांडे आणि स्टिकर असतं, ती बाहेर पडायची बाजू. ती बाजू हीटसिंककडे हवी, म्हणजे हवा पत्र्यांतून जाऊन मागच्या पंख्याच्या तोंडाशी पोचते. उलटा बसला तर दोन पंखे एकमेकांशी झगडतात. तारेच्या क्लिपा पंख्याच्या भोकांत अडकवताना मात्र दमछाक झाली. या पंख्याच्या कोपऱ्यांना रबरी गाद्या आहेत, त्यामुळे तो जुन्यापेक्षा केसभर जाड बसतो आणि तार तेवढीच जास्त ताणावी लागते. एक क्लिप निसटून पत्र्यांवर आदळली आणि दोन पत्रे वाकले. ते जुन्या टेलिफोन कार्डाने सरळ केले. शेवटी क्लिपेचं खालचं टोक आधी अडकवायचं आणि वरचं नंतर, एवढा क्रम बदलल्यावर जमलं.

चालू केलं आणि पडद्यावर प्रोसेसरच्या पंख्यात बिघाड असल्याची सूचना. पोटात गोळाच आला. पण पंखा तर डोळ्यांसमोर फिरत होता. बायोसमध्ये जाऊन पाहिलं तेव्हा उलगडा झाला: वेगाची खालची मर्यादा ६०० आरपीएम ठेवलेली होती, आणि हा पंखा थंड मशीनवर ४५० वर निवांत फिरत होता. ६०० च्या खाली दिसलं की बोर्ड तो बंद पडला असं समजतो. मर्यादा ३०० केली, सूचना गेली. ती पूर्णपणे बंद करायचाही पर्याय तिथे होता. तो मी मुद्दाम घेतला नाही. दोन महिन्यांपूर्वी माझा पंखा अडखळत होता तेव्हा अशीच सूचना मला हवी होती.

वेगाची चढण स्वतः आखली: ४५ अंशांपर्यंत ३० टक्के, ६५ ला ७०, ७८ च्या वर पूर्ण. पहिल्या दिवशी दर थोड्या वेळाने पंखा हुंकार देऊन पुन्हा खाली यायचा, कारण एखादं पान उघडलं तरी प्रोसेसर क्षणभर दहा अंश उसळतो. कानाला एकसारखा आवाज फारसा खुपत नाही, चढउतार खुपतो. वेग वाढवण्याआधी काही सेकंद थांबायची सेटिंग शोधून लावली. तेव्हापासून वेग चढला कधी आणि उतरला कधी, हे बघायला मला प्रोग्रॅम उघडावा लागतो.

मग तीच फाइल, वीस मिनिटं. खोली २८, प्रोसेसर ६६, पंखा १४८० वर. २६०० वाल्या पंख्यापेक्षा फक्त चार अंश जास्त. अर्धवट राहिलेली कॅसेटची फाइल त्याच रात्री पूर्ण झाली. वेग शेवटपर्यंत ३.३ वर.

पत्रा लावण्याआधी त्याच्या आतल्या अंगाला एक कागद चिकटवला. चौकट ९२, जाडी २५, भोकं ८२.५, चार पिना पीडब्ल्यूएम, खालची मर्यादा ३००, हवा मागच्या बाजूला. त्याखाली तारीख आणि २८–६६–१४८०. खाली आठ ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. दर सहा महिन्यांनी धूळ काढायची, तीच फाइल चालवायची आणि पुढची ओळ भरायची.